गळलेला केस कुठे जातो

दोकसिमच्या दुकानात ती खुर्ची अजून होती. काळ्या रेक्झिनची, पायाने दाबली की वर-खाली होणारी, हातांवरचं कातडं सोललेली. माणसांचे केस करायची तेव्हाची. आता तिच्यावर कुत्र्यांचे टॉवेल रचलेले असत. तिच्यात कोणी बसत नसे. दोकसिम तर नाहीच. ती दिवसभर उभी.

कोरियातल्या चोंगजू शहराच्या त्या गल्लीत तिने अर्धं आयुष्य बायकांचे सरळ केस कुरळे करण्यात घालवलं होतं. बायका डोक्यात गुंडाळ्या घालून भिंतीशी बसत, भाजलेली रताळी सोलत, सुनांची उणीदुणी काढत, आणि औषधाच्या उग्र वासात दुपार संपून जाई. मग एकेक डोकं कमी होत गेलं. कोणी मुलाकडे गेली, कोणी म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात, कोणी थेट डोंगरावर मातीआड. ज्या उरल्या त्या ढकलगाड्या घेऊन येऊ लागल्या. पहिल्यांदा अशी गाडी दारात थांबली तेव्हा दोकसिम बाळ बघायला म्हणून वाकली, आणि आतून एक पांढरं कुत्रं तिच्याकडे बघून शिंकलं.

नवरा तेव्हा नुकताच गेला होता, मुलगी उल्सानला नोकरीवर होती, दुकानाला टाळं लागायची वेळ आली होती. दोकसिमने चाळिशी उलटल्यावर कुत्र्यांची कात्री शिकून घेतली. आरसा तोच राहिला, नळ तोच राहिला, गिऱ्हाइकंही बरीचशी तीच. फक्त आता त्या बायका एकमेकींना कुत्र्यांच्या नावाने हाका मारत. कोंगची आई, बोरीची आई. दोकसिमला वाटे, जे कुरळेपण आपण या बायकांना तास तास डोकं भाजून दिलं, ते या पूडल जातीच्या कुत्र्यांना जन्मतःच मिळालं आहे, आणि त्यांना त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही.

पण पूडल निखळ असेल तर गोष्ट सोपी. हल्ली येत ती सगळी मिसळीची. कशाशी ना कशाशी पूडल. बाप माल्टीज, आई पूडल. आई पोमेरेनियन, बाप कोण ते विकणाऱ्यालाच ठाऊक. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच.

"बाई, ह्याचे केस गळत नाहीत ना? दुकानवाला म्हणाला, पूडल मिसळलं की गळत नाहीत."

दोकसिम कुत्र्याच्या पाठीवर ओठ जवळ नेऊन फुंकर मारी. केस दुभंगत, तळाशी कातडी दिसे. तिथे काय उगवलंय ते बघितलं की तिला कळायचं ते कळे. माल्टीजच्या वळणावर गेलेला केस रेशमाच्या दोऱ्यासारखा सरळ पडतो. लाटालाटांचा केस बोटांतून पाण्यासारखा सरकतो आणि कानामागे, काखेत गुपचूप गाठी मारत बसतो. मेंढीसारखा घट्ट कुरळा केस जमिनीवर पडत नाही, म्हणून लोक खूश असतात.

"गळतो सगळ्यांचाच," ती म्हणे. "माझा गळतो, तुमचा गळतो. गळलेला केस कुठे जातो एवढंच बघायचं. सरळ असला तर तुमच्या सोफ्यावर. कुरळा असला तर तिथेच आत अडकतो आणि त्याचं घोंगडं होतं."

"पण मी रोज ब्रश फिरवते!"

"वरून फिरवता. आत बोट घालून बघा."

आत बोट जात नसे. वरून कापसासारखं मऊ आणि आत कातडीला चिकटलेला नमदा. मग सगळं मशीनने उतरवावं लागे, आणि उंदरासारखं उघडं पडलेलं कुत्रं बघून ती बाई डोळ्यांत पाणी आणून मोबाइल पुढे करी. "मला असा करून हवा होता! अस्वलाच्या खेळण्यासारखा, गोल गोल!" दोकसिम मान डोलावी. आयुष्यभर लोकांनी तिला दुसऱ्याच कुणाचे तरी फोटो दाखवले होते.

मनगट दुखायला लागलं ते गुंडाळ्यांच्या काळापासूनच. कात्रीने ते पुरतं धरलं. सकाळी चॉपस्टिक हातातून निसटायच्या. डॉक्टर म्हणाला, हात थांबवा नाहीतर हातच थांबेल. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बास झालं. चुसोकचा सण झाला की दुकान मोडीत काढ नि इकडे ये. पण एक सांगते, कुत्रं बित्रं आणायचं नाही. लहानपणी माझ्या भातात बायकांचे केस निघायचे. आता माझ्या घरी मला केस नकोत."

दोकसिम हो म्हणाली. तिला खरंच जायचं होतं. तिला कुठेतरी जाऊन नुसतं पडायचं होतं.

त्या वसंतात एक तरुण जोडपं एका कुत्र्याला सोडून गेलं. "पूर्ण कटिंग करा, संध्याकाळी येतो," म्हणाले आणि आले नाहीत. फोन लागेना. अशी कुत्री या धंद्यात प्रत्येकीच्या वाट्याला एखादं येतंच. दोकसिमने रीतसर कळवलं, मुदत सरली, कोणी पुढे आलं नाही. पालिकेच्या निवाऱ्यातला माणूस थकल्या आवाजात म्हणाला, "आणून सोडा हवं तर. पण इथे पिंजऱ्यात पिंजरे आहेत. नवीन आलं की जुन्याचं काय होतं ते मला विचारू नका." तिने विचारलं नाही आणि सोडलंही नाही.

रंगाने ते भाताच्या भांड्याच्या बुडाशी धरलेल्या खरपूस खरवडीसारखं होतं. म्हणून नाव पडलं नुरुंगजी, म्हणजे तीच ती खरवड. कागदावर माल्टीपू, म्हणजे माल्टीज आणि पूडलची मिसळ. दोकसिमने फुंकर मारली आणि तिला हसू आलं. डोकं आणि कान पूडलचे, मिशा लाटालाटांच्या, आणि पाठीपासून ढुंगणापर्यंत वरच्या केसाखाली दाट, मऊ, करडी लव. थंडीच्या देशातल्या कुत्र्याची लव. याच्या रक्तात कुठेतरी पोमेरेनियन शिरलं होतं. अशी लव उन्हाळ्यात चोरासारखी थोडी थोडी जाते आणि शरदात झोडपल्या उशीसारखी उडते. एका कुत्र्याच्या अंगावर तीन कुत्र्यांचे कोट. सोडून जाणाऱ्यांना बहुधा सोफ्यावर पहिला शरद दिसला असावा.

समोरच्या बाजूला मालिमताईचं हानबोक शिवायचं दुकान होतं. लग्नाचे, सणाचे, म्हाताऱ्यांच्या साठीचे रेशमी पोशाख ती शिवी. दोकसिमपेक्षा वयाने मोठी, लग्न न केलेली, जिभेने सुईपेक्षा तिखट. तिचं डोकं दोकसिमनेच वर्षानुवर्षं कुरळं ठेवलं होतं. माणसांचं काम सोडल्यावरही मालिमताईचे केस ती मागच्या बाजूला गुपचूप करून देई. मालिमताईचं जुनं पूडल हिवाळ्यात वारलं होतं. नुरुंगजी दारात बसू लागल्यापासून ती रस्ता ओलांडून येई, त्याच्याकडे बघे आणि काही न बोलता परत जाई.

शेवटी एक दिवस दोकसिमच म्हणाली, "न्या ना ताई याला."

"मी? या खरवडीला?" मालिमताई उकिडवी बसली. नुरुंगजीने तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली, जणू ठरलेलंच होतं. "तू का नाही ठेवत?"

"मुलगी नको म्हणते. मी चुसोकनंतर जाणार."

"हं." मालिमताईच्या मनगटाला नेहमीची लाल रेशमाची सुईगादी बांधलेली होती. तिच्या आईची. जुन्या शिवणाऱ्या बायका सुईगादीत केस भरत, केसांतल्या तेलाने सुया गंजत नाहीत म्हणून. आईच्या कंगव्यातले केस त्या गादीत होते. "माझं पांढऱ्या रेशमाचं काम आहे. एक केस शिवणीत गेला तर नवरीची आई माझ्या सात पिढ्या काढेल. माझा म्हातारा निखळ पूडल होता, एक केस पडायचा नाही. तू खरं सांग. याचे गळतात?"

दोकसिमचं मनगट त्या दिवशी ठणकत होतं. टेबलावर एक ओलं कुत्रं थरथरत उभं होतं. खरं सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं: लव म्हणजे काय, शरद म्हणजे काय, कंगवा कोणता, किती खोल. आणि ते ऐकून मालिमताई उठून गेली असती. दोकसिमकडे तेवढे शब्द नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "पूडलचाच कोट आहे."

मालिमताईने तिच्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. "चल रे खरवडी," म्हणाली आणि घेऊन गेली.

खोटं बोलायला श्वासभरसुद्धा वेळ लागला नाही. पण ते निभावायला हात लागणार हे दोकसिमच्या रात्री झोपताना लक्षात आलं. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःच रस्ता ओलांडून गेली. "ताई, नुरुंगजीला अंघोळ घालते. सवय मोडायला नको."

"किती द्यायचे?"

"काही नको. सोडून दिलेलं पोर आहे."

तेव्हापासून आठवड्याला ती त्याला आणी. पाणी, साबण, मग जोराचा वारा सोडून लव सुटी करायची, मग लोखंडी दातांचा कंगवा मुळापासून ओढायचा. ओंजळी भरभरून निघे. त्या समोरून दिसू नयेत म्हणून ती काळ्या पिशवीत भरून मागच्या दाराने टाकी. गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांना तिने हळूहळू नाही म्हणायला सुरुवात केली होती, हात वाचवायचा म्हणून. वाचवलेला हात सगळा या एका कुत्र्यात जात होता. खरं बोलली असती तर पाच मिनिटं गेली असती, हे तिला कंगवा ओढताना दरवेळी आठवे.

ऑगस्टमध्ये, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटू लागलं तेव्हा मालिमताई नुरुंगजीला काखेत मारून आली.

"याला पार गोटा कर. जीभ बघ, गुडघ्याला लागतेय. शेजारच्या बोरीचा केलास ना?"

दोकसिमचा हात मशीनकडे गेला. इतकं सोपं होतं ते. एकदा पाठ साफ केली की लव नाही, उडणं नाही, पिशव्या नाहीत. सण होईपर्यंत कुणाला काही दिसलं नसतं, आणि नंतर ती उल्सानला. तिने मशीन हातात घेतलंही. मग फुंकर मारली. ती करडी लव दुभंगली आणि मिटली.

"नाही करायचं," ती म्हणाली.

"का? बोरीला चालतं नि याला नाही?"

"बोरीचा केस वेगळा. कापला तेवढा वाढतो. याचा..." ती अडखळली. अशा पाठी तिने पाहिल्या होत्या. एकदा मुळापासून उतरवल्या की परत येतच नाहीत. कुठे टक्कल, कुठे काळी कातडी, कुठे चरलेल्या कुरणासारखे पुंजके. पण पूडलचाच कोट म्हटल्यावर हे कसं सांगायचं? "याची कातडी नाजूक आहे. उन्हाने भाजेल."

"पूडलची कातडी इतकी नाजूक? माझ्या म्हाताऱ्याची नव्हती."

"प्रत्येकाची वेगळी असते, ताई."

"असेल बाई. तू जाणती." मालिमताई दारात थांबली. "तुझ्या कपाळावर घाम बघ. तुझाच गोटा करायला हवा."

शरद आला आणि आठवड्याचा कंगवा पुरेनासा झाला. दोकसिम एक दिवसाआड समोर जाऊ लागली. कधी म्हणे नखं बघते, कधी कान. मालिमताईच्या दुकानात पाऊल टाकताच तिचे डोळे जमिनीवर जात, मग टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या, गुलाबी, पिस्ता रंगाच्या रेशमावर. एकदा एका नवरीच्या बाहीवर तिला करडा केस दिसला. मालिमताई पाठमोरी होती. दोकसिमने तो चिमटीत उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला. शिंपीण तिच्याकडे न वळताच म्हणाली, "काय गं, बाहीचा सांधा बघतेस? सरळ आहे तो."

"सुरेख आहे," दोकसिम म्हणाली. तिला वाटलं, आपण या म्हातारीच्या घरात रोज थोडी थोडी चोरी करतो आहोत आणि घरी नेतो आहोत ते नुसते केस.

चुसोक झाला. मुलीचा फोन आला. "आई, कधी?" दोकसिम म्हणाली, थंडी पडू दे. मुलगी चिडली. "थंडी? तुझं काय अडलंय तिथे? दुकानात तर गिऱ्हाईक घेत नाहीस म्हणालीस." दोकसिमला सांगता आलं नाही की दुकान बंद करता येतं, खोटं बंद करता येत नाही. ती गेली की महिन्याभरात रेशमावर लव बसेल, कोणी नवरीची आई ओरडेल, आणि नुरुंगजी पुन्हा कुठल्या तरी दारात. दुसऱ्यांदा सोडलेलं कुत्रं दारात नीट बसतसुद्धा नाही. तिने पाहिलं होतं. ते दाराकडे पाठ करून बसतं.

हिवाळ्यासाठी किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले. गल्लीभर कोबीचे ढीग, मिठाचं पाणी, लाल हात. त्या सकाळी दोकसिमने कंगवा उचलला आणि तो खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. बोटं ऐकेनात. नुरुंगजी टेबलावर उभं राहून कंगव्याकडे बघत होतं. ती तशीच उभी राहिली. दार वाजलं तेव्हा मालिमताई आत आली होती. तिच्या हातात किमचीचा डबा होता आणि कोपराला अडकवलेली कापडी पिशवी.

"घे. तिखट झालीय. काय झालं? का पुतळ्यासारखी?"

"काही नाही."

"हात दाखव."

"काही नाही म्हटलं ना, ताई."

मालिमताईने डबा ठेवला. पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर, कुत्र्याच्या पायांपाशी ठेवलं. सुईगादी होती. नवी, नारिंगी रेशमाची, कडेला बारीक टाका घातलेली, मुठीएवढी. "दाबून बघ."

दोकसिमने डाव्या हाताने दाबली. मऊ, लवचीक, परत वर येणारी. काय भरलंय ते तिच्या बोटांना लगेच कळलं.

"पहिल्या आठवड्यापासून जमवतेय," मालिमताई म्हणाली. "उशीखालचे, बाहीवरचे, माझ्या चहातले. तू अर्धे तर पळवून नेलेस. नाहीतर रजई झाली असती."

"ताई..."

"पूडलचाच कोट म्हणे! अगं, मी जन्मभर कापड चाचपते. गिऱ्हाईक रेशीम म्हणून नायलॉन आणतं, ते मला अंधारात कळतं. हे कुत्रं मांडीवर घेतलं तेव्हाच कळलं की याच्या आत अस्तर आहे. माझे डोळे फुटलेत असं वाटलं तुला?"

दोकसिम खाली बघत राहिली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तू खोटं बोललीस ते दिसत होतं. का बोललीस तेही दिसत होतं. म्हटलं, सांगेल आज, सांगेल उद्या. ऑगस्टमध्ये मुद्दाम गोटा कर म्हणाले. म्हटलं, आता तरी तोंड उघडेल. बाई मशीन हातात घेते काय, कातडी नाजूक म्हणते काय!" तिला हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही. "केला नाहीस मात्र. ते बघितलं मी."

"परत आला नसता केस."

"मला काय माहीत. मला वाटलं, असेल काही." ती सुईगादीकडे बघून तोंड वाकडं करत म्हणाली, "आणि ही काही कामाची नाही झाली. तू धुऊन धुऊन त्याचं सगळं तेल काढलंस. दोन सुया गंजल्या."

दोकसिमच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा असावा; कित्येक महिन्यांत तिने तो काढला नव्हता.

"मग याला..." तिने कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. "परत द्यायला आलात?"

"किमची द्यायला आलेय. डोळे नाहीत का?" मालिमताईने खुर्चीवरच्या टॉवेलांचा गठ्ठा उचलून जमिनीवर टाकला. मग पायाने खुर्ची दाबून पाहिली. ती कुरकुरत खाली गेली. "बस."

"कुत्रं अर्धं..."

"बस म्हणते ना. मला कंगवा दे. तू उल्सानला गेल्यावर मलाच करायचंय हे. का तिथून रोज येणारेस चोरी करायला?"

दोकसिम बसली. रेक्झिन थंड होतं. या खुर्चीत बसून आरसा कसा दिसतो हे तिला माहीतच नव्हतं. तिला सगळ्या डोक्यांच्या मागून बघायची सवय. आता आरशात एक ओढलेला चेहरा होता, कडेला पांढरे झालेले, कधीच कुरळे न केलेले सरळ केस, मांडीवर पालथा पडलेला हात. मागे मालिमताई चष्मा नाकावर ओढून नुरुंगजीच्या पाठीवरून कंगवा फिरवत होती, इस्त्री फिरवावी तसा, वरच्या वर.

"छान चाललंय," मालिमताई म्हणाली. "बघ, काही निघतच नाही."

दोकसिमचा हात उठायला लागला. तिने तो मांडीवरच ठेवला.

"वरून नाही, ताई," ती म्हणाली. "आधी फुंकर मारा. कातडी दिसली पाहिजे. मग मुळापासून."

मालिमताई वाकली, गाल फुगवले आणि फुंकर मारली. नुरुंगजी शिंकलं. करडी लव हवेत उडाली, आरशापुढे क्षणभर तरंगली आणि हळूहळू खाली येत मालिमताईच्या कुरळ्या डोक्यावर, किमचीच्या डब्यावर, दोकसिमच्या मांडीवर बसली. दोकसिमने ती झटकली नाही.